'काइंड ऑफ ब्लू'मध्ये एवढं आहे तरी काय? पेटी असलेल्या घरातून एक उत्तर

२०२६ हे अमेरिकन जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचं जन्मशताब्दी वर्ष (जन्म २६ मे १९२६), आणि गंमत म्हणजे जॉन कोल्ट्रेनचंही (२३ सप्टेंबर १९२६), म्हणजे ट्रम्पेटवाला आणि सॅक्सोफोनवाला एकाच वर्षी जन्मले आणि बत्तीस वर्षांचे असताना एकाच खोलीत बसून एक रेकॉर्ड करून गेले. तीच ती 'काइंड ऑफ ब्लू'. जॅझची कुठलीही यादी उघडा, ही वरच्या दोन-तीनात असतेच. मग कोणीतरी उत्साहाने ऐकतं आणि मला मेसेज येतो की "छान आहे रे, रात्री लावायला मस्त आहे, पण ग्रेट काय आहे ह्यात? आमचं काही चुकतंय का?"

चुकत काही नाहीये. प्रश्न एकदम रास्त आहे, उलट त्याचं उत्तर देताना जॅझवालेच "फील कर ना" वगैरे बोलून गुळमुळीत होतात. मी जॅझ वाजवत नाही, आमच्या घरात फक्त एक पेटी आहे, आत्याची, भात्याला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. तिच्यावरच हे सगळं समजावून सांगतो.

आधी साधी माहिती

रेकॉर्डिंग न्यूयॉर्कला झालं, ३०व्या स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत, जिचा नंतर स्टुडिओ केला होता. छत उंच, त्यामुळे आवाजाला मोकळी हवा. आता ती इमारत नाही. सेशन फक्त दोन: २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड बाजारात. एकूण पाच तुकडे, सगळे मिळून साधारण पाऊण तास.

माणसं सात. ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडरली, पियानोवर बिल इव्हान्स (एका तुकड्यात मात्र विंटन केली नावाचा दुसरा पियानोवाला), बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. एकही जण पस्तिशीचा नव्हता. चेंबर्सचा तर दुसऱ्या सेशनच्या दिवशी चोविसावा वाढदिवस होता. आपण ज्याला 'क्लासिक' म्हणून हात जोडतो ते ह्या पोरांनी दोन दिवसांत वाजवून टाकलंय हे मला अजूनही पचत नाही.

कॉर्डचा वैताग

एक शब्द समजून घ्यावाच लागेल: कॉर्ड. पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की जो गठ्ठा वाजतो ती कॉर्ड, आणि पाश्चात्त्य गाण्यात सुरावटीखाली हे गठ्ठे बदलत राहतात. जॅझमध्ये कसं असतं, आधी ठरलेली धून वाजते, मग तेच गठ्ठे त्याच क्रमाने खाली फिरत राहतात आणि वर एकेक जण स्वतःच्या मनाचं वाजवतो, आपण ज्याला उपज म्हणतो तेच, ते त्याला सोलो म्हणतात.

आता १९४०च्या दशकात बीबॉप नावाचा प्रकार आला आणि त्यात हे गठ्ठे प्रचंड वेगात बदलायला लागले, कधीकधी दर दोन मात्रांना एक. वाजवणाऱ्याने प्रत्येक गठ्ठ्यात बसतील असेच सूर घ्यायचे, आणि ते घेईस्तोवर पुढचा गठ्ठा दारात उभा. ठिपक्यांची रांगोळी असते ना तसं. पंधरा ते एक असे ठिपके आधीच काढलेले, तुमचं कौशल्य ते न चुकता झरझर जोडण्यात. ज्यांना जमतं ते थोर, पण शेवटी ठिपके दुसऱ्याने काढलेत.

माइल्स स्वतः ह्याच शाळेतला, विशीत असताना बीबॉपचा मोठा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, त्याच्यासोबत वाजवलेला. आणि त्याला ह्याचा कंटाळा आला होता. जॉर्ज रसेल नावाचा एक संगीतकार तेव्हा मांडत होता की गठ्ठ्यांच्या ऐवजी सप्तकाचा, म्हणजे स्केलचा विचार करा. एक सप्तक धरा, त्यातच रहा, घाई काय आहे. ह्या पद्धतीला मोडल जॅझ म्हणतात. हा शब्द मी पुढे फारसा वापरणार नाहीये कारण आपल्याकडे ह्याला बरा शब्द आहे: थाट, म्हणजे ठरलेल्या सात सुरांचा संच.

पांढरी दोन, मग काळी दोन

घरात पेटी असेल तर काढा खरंच, मोबाईलवरचं पियानोचं ॲप असेल तरी चालेल. पांढरी दोनला (ॲपवर D) सा माना. आता तिथून वरच्या सा पर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा, एकही काळी नाही. काय वाजलं? गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी सगळं शुद्ध. काफी थाट!

पहिला तुकडा 'सो व्हॉट' म्हणजे एवढंच आहे. चार मात्रांचं एक आवर्तन धरा, ते त्याला बार म्हणतात. तर सोळा बार, म्हणजे ६४ मात्रा, पांढरी दोनचा काफी. मग आठ बार काळी दोनचा (पांढरी दोनच्या लगेच वरची काळी) काफी. मग परत आठ बार पांढरी दोन. झालं, हे चक्र संपलं, आता हेच फिरत राहणार नऊ मिनिटं.

पण काळी दोनवर गेल्यावर काय होतं ते बोटांनी करून बघा. मघाशी सगळ्या पांढऱ्या होत्या, आता पाचही काळ्या लागतात आणि पांढऱ्या फक्त दोन उरतात. कानाला मात्र थाट तोच, काफीच, फक्त अख्खी जमीन अर्धा स्वर वर उचललेली. आपल्याकडे गवई गात असताना मागच्या तानपुऱ्याने असं केलं तर मैफल बंद पडेल. इथे तीच मजा आहे, सोळा बार तुम्ही एका सा वर स्थिरावता आणि मग पायाखालची फरशी हळूच सरकते, आठ बार तुम्ही जरा वेगळ्याच उजेडात असता, आणि परत घरी.

धूनही ट्रम्पेट वाजवत नाही ह्यात. बेस वाजवतो. चेंबर्स एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, "सो... व्हॉट". पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी "जी जी" करतात ना, अगदी तसं. एकदा हे झील देणं कानात बसलं की पहिलं दीड मिनिट परकं वाटत नाही.

माझी पेटी का जुळेना

इथे एक वैयक्तिक किस्सा. काकांकडे ह्या रेकॉर्डची जुनी एलपी होती. मी कॉलेजात असताना पेटी घेऊन तिच्यासोबत बसलो, पांढरी दोन धरली आणि 'सो व्हॉट' लावलं, तर जुळेचना. काळी दोन धरली तर ती जास्त होतेय. मधेच कुठेतरी सूर अडकलेला. आत्याला सांगितलं तर ती भडकली, माझी पेटी बेसूर नाही म्हणाली. कंटाळून बाजू पालटली तर दुसऱ्या बाजूचे दोन्ही तुकडे पेटीशी छान जुळले! मग तर मी अजूनच येडा झालो.

कारण कळायला बरीच वर्षं गेली. २ मार्चच्या दिवशी स्टुडिओतलं मुख्य टेपमशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलं म्हणजे तेवढंच संगीत जरा कमी टेपवर उतरलं, आणि नंतर ती टेप बरोबर वेगाने वाजवली की संगीत थोडं पळतं आणि सूर थोडा चढतो. पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे त्या दिवसाचे. सुदैवाने शेजारी दुसरं मशीन चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता, त्या टेपवरून १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. म्हणजे तीस-बत्तीस वर्षं जगाने ही रेकॉर्ड चढ्या सुरात ऐकली, तिच्यासोबत बसून रियाज करणाऱ्या किती जणांनी आपापली वाद्यं उगाच ताणून घेतली असतील. आत्याची पेटी निर्दोष सुटली, हे तिला मी फोन करून सांगितलं.

जागा घेणे आणि जागा सोडणे

आता मुद्द्यावर येतो. थाट एकच आणि वेळ भरपूर, मग वाजवणाऱ्याने करायचं काय? ठिपके पुसलेत, मोकळं अंगण आहे, रांगोळी हातात आहे. इथे माणूस उघडा पडतो. आणि म्हणून ह्या रेकॉर्डवर तुम्हाला तीन माणसांचे तीन स्वभाव एकाच अंगणात दिसतात.

'सो व्हॉट'मध्ये धून संपते, आणि दीड मिनिटाच्या आसपास कॉब झांजेवर एक ठोका टाकतो जो जरा मोठाच पडतो आणि मग विरतच जात नाही, आणि त्या घुमणाऱ्या आवाजाच्या पोटात माइल्स आपला पहिला सूर ठेवतो. तो क्षण पन्नास वेळा ऐका, मी ऐकलाय. त्यानंतर माइल्स जे वाजवतो ते गुणगुणता येतं, इतकं थोडं आहे. दोन सूर, मग शांत. तीन सूर, मग शांत. गाण्याच्या बैठकीत आपण "काय जागा घेतली!" म्हणतो, इथे दाद द्यायची ती सोडलेल्या जागेला. तो थांबतो तेव्हा खालचा बेस चालताना ऐकू येतो, झांज ऐकू येते, आणि तुमचा कान नकळत पुढचा सूर स्वतःच शोधायला लागतो.

मग कोल्ट्रेन येतो आणि त्याला एवढी मोकळी जागा सहनच होत नाही, तो ती भरून काढतो, तानांवर ताना, प्रत्येक कोपरा तपासून बघतो. मग कॅननबॉल, तो गोष्टीवेल्हाळ, मधेच हसतो, ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्याच्या, गल्लीत चक्कर मारून येतो. लग्नाच्या पंगतीत एकच किस्सा तीन मामांनी सांगावा तसं आहे हे, किस्सा तोच, मामा वेगळे. शेवटी इव्हान्स पियानोवर बोलतच नाही फारसं, नुसते गठ्ठे हळू ठेवतो, मागे बाकीचे झील देत राहतात.

माझ्या मते रेकॉर्ड टिकण्याचं अर्धं कारण हे आहे. नवख्याला आत शिरायला जागा आहे, आणि जाणकाराला दर वेळी वेगळ्या मामाच्या मागे जाता येतं.

"हे तर हॉटेलात लावतात ते संगीत"

हो, लावतात. कॉफीच्या दुकानात, लिफ्टच्या बाहेर, पुस्तक प्रकाशनाच्या आधी पाहुणे येईपर्यंत. संथ आहे, कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे पार्श्वभूमीला खपून जातं. पण भैरवीसुद्धा मोबाईलच्या रिंगटोनला लावतात, त्यात भैरवीचा काय दोष.

आणि शांत आहे म्हणजे सुखात बसून केलंय असं नाही. रेकॉर्ड बाजारात आली १७ ऑगस्ट १९५९ ला. बरोबर आठ दिवसांनी, २५ तारखेला, माइल्स न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये वाजवून मधल्या सुट्टीत बाहेर आला, एका गोऱ्या बाईला टॅक्सीत बसवून दिलं आणि दारात सिगरेट ओढत उभा राहिला. पोलीस म्हणाला इथून हल. हा म्हणाला मी इथेच काम करतो, वर पाटीवर माझंच नाव आहे. डोकं फुटेपर्यंत मार खाल्ला आणि वर अटक झाली. रक्ताने माखलेल्या कोटातला त्याचा फोटो आहे, बघवत नाही. त्याच आठवड्यात दुकानात त्याची सगळ्यात निवांत रेकॉर्ड विकायला होती. तिच्यातल्याच 'ब्लू इन ग्रीन' ह्या तुकड्यात तो ट्रम्पेटच्या तोंडाला बूच लावून माइकच्या अगदी जवळ वाजवतो, आवाज बारीक, चिरलेला. त्याला हॉटेल म्युझिक म्हणण्याआधी एकदा हेडफोनवर, दिवे घालवून ऐका एवढंच म्हणेन.

"आपल्याकडे हे हजार वर्षं चाललंय, ह्यात नवीन काय"

ही प्रतिक्रिया आपल्याकडे हमखास येते, आणि अर्धी बरोबर आहे. एकाच स्वरसमूहात वीस मिनिटं राहणं आपल्या कानाला मुळीच नवं नाही. म्हणून तर मला वाटतं की मराठी घरात, जिथे रेडिओवर सकाळी अभंग आणि कुठेतरी पेटीचा क्लास चालू असतो, तिथे जॅझचं हे सगळ्यात सोपं दार आहे.

पण थाट म्हणजे राग नव्हे. रागाला आरोह-अवरोह आहेत, वादी-संवादी आहे, कुठे थांबायचं कुठे नाही ह्याचे संस्कार आहेत, पकड ऐकली की ओळख पटते. इथे नुसते सात सूर दिलेत, वळण तुमचं तुम्ही शोधा. आणि सा हलतो, जे आपल्याकडे चालतच नाही. शेवटचा तुकडा 'फ्लेमेंको स्केचेस' तर बघा, त्याला धूनच नाही! पाच थाटांची एक माळ आहे, सुरुवात बिलावलसारखी, मग खमाजसारखा, परत दुसऱ्या सा वरून बिलावल, मग एक स्पॅनिश वळणाचा ज्यात कोमल रिषभ आपल्याला भैरवीच्या आसपास नेतो, आणि शेवटी काफी. वाजवणाऱ्याने प्रत्येकात हवं तेवढं रहायचं आणि मग पुढच्यात जायचं, बाकीच्यांनी कान टवकारून त्याच्यासोबत वळायचं. रागमालेची आठवण येते ना? पण रागमालेत गवय्याला प्रत्येक रागाचा चेहरा दाखवावा लागतो, इथे चेहरा तयारच नाही, तो वाजवताना तयार होतो.

ह्या रेकॉर्डमागे भारतीय संगीत आहे असं मात्र कृपया फिरवू नका. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ लागली ती ठळक दिसते नंतर, साठच्या दशकात, आणि त्याने १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं, हे खरं आहे. १९५९च्या ह्या कल्पनेची मुळं रसेलच्या विचारात, ब्लूजमध्ये आणि चर्चच्या गाण्यात आहेत. उलट दिशेचा धागा आपल्याकडे जास्त पक्का आहे: मुंबईत तीसच्या दशकापासून ताजमध्ये जॅझ वाजत होतं, आणि गोव्याच्या वादकांनी तोच ट्रम्पेट हिंदी सिनेमात आणला, आपल्या चितळकरांचा म्हणजे सी. रामचंद्रांचा सहाय्यक चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवालाच होता. त्या गाण्यांवर आपले आजी-आजोबा नाचलेत. तेव्हा जॅझ परकं आहे असं म्हणायला आपल्याला फारशी सोय नाही.

"सगळं एका टेकमध्ये झालं म्हणतात"

जवळपास. पण दंतकथा जरा फुगलेली आहे. सुरुवात करून थांबलेले, चुकलेले प्रयत्न टेपवर आहेत. खरी गोष्ट अशी की पहिल्यांदा जे सलग शेवटपर्यंत गेलं ते बहुतेक वेळा ठेवलं गेलं, अपवाद 'फ्लेमेंको स्केचेस', त्याचे दोन पूर्ण टेक आहेत आणि दुसराही आता मिळतो. दोन्ही लागोपाठ ऐका, त्याच पाच पायऱ्या आणि उतरणं वेगळं.

इव्हान्सने रेकॉर्डच्या मागच्या मजकुरात लिहिलंय की माइल्स नुसते आराखडे घेऊन आला होता, आणि इव्हान्सने ह्या वाजवण्याची तुलना जपानी चित्रकारांशी केलीय, जे इतक्या पातळ ताणलेल्या कागदावर शाईने काढतात की खोडायची सोय नाही, हात थबकला तरी कागद फाटेल. तोच इव्हान्स पुढे म्हणत राहिला की 'ब्लू इन ग्रीन' माझं आहे. रेकॉर्डवर नाव माइल्सचं. मला स्वतःला ते पियानोवाल्याच्याच हातचं वाटतं, पण ह्यावर जॅझवाले मारामारी करतील, सोडून देऊ.

मग टिकलं ते ह्याच्यामुळेच?

विकली किती गेली सांगतो: २०१९ मध्ये अमेरिकेत पाच वेळा प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे पन्नास लाख प्रती. २००९ मध्ये पन्नाशी झाली तेव्हा तिथल्या प्रतिनिधीगृहात गौरवाचा ठराव आला आणि ४०९ विरुद्ध ० असा मंजूर झाला. अमेरिकन राजकारणात एवढं एकमत कशावर होतं सांगा.

पण १९५९ मध्ये ही एकटी नव्हती. डेव्ह ब्रुबेक, चार्ल्स मिंगस, ऑर्नेट कोलमन, ह्या सगळ्या जॅझवाल्यांच्या मोठ्या रेकॉर्ड्स त्याच वर्षीच्या, पहिल्या दोघांच्या तर त्याच स्टुडिओतल्या. आणि कोल्ट्रेनचं बघा, २२ एप्रिलला इथे थाटांमध्ये निवांत फिरला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला स्वतःच्या 'जायंट स्टेप्स' ह्या रेकॉर्डसाठी असा तुकडा वाजवला ज्यात सोळा बारमध्ये सव्वीस वेळा कॉर्ड बदलते. ठिपक्यांच्या रांगोळीची कमाल! तो ऐकून मी थक्क होतो, पण रविवारी दुपारी आपणहून लावत नाही. थक्क करणारी गोष्ट आपण इतरांना दाखवतो, घरात रहायला मात्र दुसरी निवडतो.

आणि माइल्सला विचाराल तर तो स्वतः समाधानी नव्हता. आत्मचरित्रात म्हणतो की लहानपणी अर्कान्सासला रात्री रस्त्याने चालताना लांबच्या चर्चमधून ऐकू यायचं ते गाणं त्याला पकडायचं होतं, आणि ते हुकलं. लोकांना तो हे सांगायचा तेव्हा लोक त्याला वेड्यात काढायचे.

ऐकायचं कुठून

पहिल्या तुकड्यापासून सुरू करायची सक्ती नाही. माझं मत, 'ऑल ब्लूज'ने करा. तो सहा मात्रांत चालतो, म्हणजे आपल्या भाषेत दादरा, मांडीवर ठेका धरा आणि बेसची गोल फिरणारी ओळ पकडा, ती साडेअकरा मिनिटं सोडू नका, वरचे काय करतायत ते आपोआप कळत जाईल. दुसऱ्या वेळी फक्त माइल्सच्या मागे जा, तिसऱ्या वेळी फक्त झांजेच्या. 'सो व्हॉट' नंतर, पेटी घेऊन (१९९२ नंतरची आवृत्ती बघा म्हणजे भांडण होणार नाही). 'फ्लेमेंको स्केचेस' सगळ्यात शेवटी, घरचे झोपल्यावर.

माझी आई ह्यातलं काहीच वाचणार नाही. पण गेले काही महिने भाजी निवडायला बसली की आतून आवाज येतो, "अरे तो दादरा लाव तुझा, तो काळ्या माणसाचा."